'भाई-भाई' आणि 'बहिष्कार' यांच्या मधलं गरम पाणी

मी मुलुंडची. २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं मी दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौ शहरात नोकरीसाठी राहिले. परत आल्यापासून लोक मला साधारण दोन प्रश्न विचारतात. एक, "साप खाल्लास का गं?" आणि दोन, "त्यांना आपल्याबद्दल काय वाटतं?" पहिल्या प्रश्नात चीन म्हणजे एक विचित्र ताट असतं. दुसऱ्यात चीन म्हणजे नकाशावरची तापलेली रेघ. रोज सकाळी उठून पाणी पिणारी, मुलांना शाळेत सोडणारी, बाजारात भाव करणारी माणसं या दोन्ही प्रश्नांत मावत नाहीत.

गंमत म्हणजे आमची उपनगरं 'चायनीज'ने भरलेली आहेत. अंधेरी असो, बोरिवली असो, घाटकोपर असो की मुलुंड, स्टेशनबाहेर लाल गाडी, गाडीवर ड्रॅगन, कढईतून उठणारा जाळ आणि प्लेटमध्ये चायनीज भेळ. हातात चिनी फोन, दिवाळीत खिडकीला चिनी माळ. एवढं असून तिथे माणूस रोजचा दिवस कसा काढतो, हे आपल्याला जवळपास ठाऊक नसतं.

आपल्याकडचे लोक चीनला गेले, राहिले, काही तिथेच गेले. तिकडचे लोक इथे येऊन राहिले. या येण्याजाण्याला दीड हजाराहून जास्त वर्षं झाली. शाळेत हा इतिहास यात्रेकरू, करार आणि युद्ध अशा तीन धड्यांत संपतो. मला तो पाणी, ताट, नाव आणि नातं यांच्या वाटेनं सांगायचा आहे. परक्या देशात माणसाची पहिली अडचण होते ती याच गोष्टींशी.

पाणी

ग्वांगचौची हवा मुंबईची चुलत बहीण. तोच दमटपणा, तोच घाम, तसाच कोसळणारा पाऊस. अशा उकाड्यात कोणाच्या घरी गेलं की हातात येतो वाफाळता पेला. चहा नाही, नुसतं उकळलेलं पाणी. सर्दी झाली, गरम पाणी पी. पोट दुखतंय, गरम पाणी पी. मन उदास आहे, तरी गरम पाणी पी. हा सल्ला इतका ठरलेला आहे, की तिकडच्या मुली गरम पाण्याच्या पलीकडे काही न सुचणाऱ्या बॉयफ्रेंडची थट्टा याच वाक्यानं करतात.

ही सवय अनादी काळापासून तशीच चालत आलेली नाही. गरम पेय पोटाला बरं, ही चिनी वैद्यकातली समजूत जुनीच. पण पाणी उकळायला सरपण लागतं आणि गरिबाघरी सरपण मोजून वापरावं लागतं. उकळलेलं पाणी घराघरात पोचलं ते विसाव्या शतकात, सार्वजनिक आरोग्याच्या मोहिमांमुळे. १९५२ मध्ये चीन सरकारनं देशभर 'देशभक्तीची आरोग्य मोहीम' सुरू केली. माश्या, डास, उंदीर मारा, परिसर साफ ठेवा, पाणी उकळून प्या. कारखाने, शाळा, रेल्वे स्टेशनं इथे पाण्याचे बंब आले, घरोघरी थर्मास आले. आजही तिकडच्या आगगाडीत डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा नळ असतो आणि प्रवासी आपापली बाटली घेऊन रांगेत उभे असतात.

आपल्याकडे उन्हातून आलेल्याला आधी माठातलं गार पाणी, जुन्या घरांत सोबत गुळाचा खडा. तिथे गरम, इथे गार. पण आलेल्याला विचारपूस करायच्या आधी पाणी द्यायचं, हा नियम दोन्हीकडे एकच. मला हे कळायला काही महिने गेले. त्यानंतर गरम पाणी घशाखाली सहज उतरू लागलं.

ताट

पाण्यापेक्षा अवघड होतं ताट. चिनी जेवणात ताट वेगळं नसतंच. मधोमध भाज्या, मासे, सूप. प्रत्येकाच्या हातात भाताची वाटी आणि दोन काड्या. ज्या काड्या तोंडात जातात त्याच मधल्या भांड्यात जातात. त्यावर कडी म्हणजे यजमान माशाचा चांगला तुकडा स्वतःच्या काड्यांनी उचलून तुमच्या वाटीत ठेवतो. मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी एकच शब्द वाजतो: उष्टं.

या शब्दाला इंग्रजीत नीट प्रतिशब्द नाही, चिनीतही नाही. संस्कृत 'उच्छिष्ट'पासून तो आला आहे. आणि या गोष्टीनं फार पूर्वी चकित झालेल्यांत चिनी माणसं होती.

सातव्या शतकात ह्युएन त्संग भारतात आला. इ. स. ६४१च्या सुमारास तो महाराष्ट्रातून गेला. तेव्हा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यानं नोंदवलं. आपण ते अभिमानानं सांगतो. पण त्याच ग्रंथात भारतीयांच्या रोजच्या सवयींबद्दल जे आहे ते मला जास्त जवळचं वाटतं. हे लोक जेवणाआधी आंघोळ-धुणं करतात, उरलेलं अन्न पुन्हा वाढत नाहीत, भांडी एकमेकांना फिरवत नाहीत, मातीची-लाकडाची भांडी वापरून टाकून देतात, धातूची घासून लख्ख करतात, जेवल्यावर दातवणानं दात साफ करतात. परदेशात राहायला आलेल्या माणसानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून केलेलं हे निरीक्षण आहे.

त्याच्यानंतर आला इत्सिंग. ६७१ मध्ये तो समुद्रमार्गे निघाला आणि नालंदेला सुमारे दहा वर्षं राहिला. त्यानं तर शुद्ध-अशुद्ध अन्नावर वेगळं प्रकरणच लिहिलं. एक घास जरी खाल्ला तरी अन्न कसं उष्टं होतं, हे तो आपल्या देशातल्या भिक्षूंना समजावून सांगतो. काड्यांचा प्रश्नही त्यानं सोडला नाही. भारतात लोक उजव्या हातानं जेवतात, काड्या कोणाला माहीतच नाहीत, आणि भिक्षूंच्या नियमांत त्यांना ना परवानगी आहे ना मनाई. मग चिनी भिक्षूनं काय करावं? जिथे कोणी नावं ठेवणार नाही तिथे वापराव्यात, असा त्याचा व्यवहारी सल्ला.

हे वाचताना मला बोरिवलीची कान्हेरी लेणी आठवतात. ह्युएन त्संग आणि इत्सिंग भारतात होते तेव्हा कान्हेरीत भिक्षूंची मोठी वस्ती होती. शंभराहून जास्त लेणी, आणि लेण्यांच्या दाराशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलं आहे. पाणी गाळून प्यायचं, त्यात जीव नाही ना हे बघायचं, हे बौद्ध भिक्षूंचे नियम इत्सिंगनं बारकाईनं लिहून ठेवलेत. आज आपण तिथे सहलीला जाऊन सेल्फी काढतो. त्या टाक्यांशी कोणे एके काळी पाणी गाळणारी माणसं बसत होती, आणि तोच नियम समजून घ्यायला कोणी चीनहून समुद्र ओलांडून आलं होतं.

उष्ट्याचा प्रश्न चीनमध्येही सुटलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मंचुरियातल्या प्लेगशी लढलेल्या डॉ. वू लिएन-तेह यांनी एकाच भांड्यात सगळ्यांच्या काड्या बुडवण्याला विरोध केला होता आणि वाढायच्या चमच्यांसह फिरती थाळी सुचवली होती. २००३च्या सार्सच्या साथीनंतर, आणि पुन्हा २०२०च्या कोविडनंतर, वाढण्यासाठी वेगळ्या काड्या ठेवा असा प्रचार सरकारनं केला. मोठ्या शहरांत तो बराच रुजतोय. तरी घरगुती जेवणात आजी अजूनही स्वतःच्याच काड्यांनी तुकडा वाढते.

त्या तुकड्याचा अर्थ मला मराठीतूनच लागला. आपल्याकडे उष्टं कोणाचं चालतं? आईचं मुलाला, मुलाचं आईला, लग्नात नवरा-नवरीनं एकमेकांना भरवलेला घास. म्हणजे अगदी आतल्या माणसाचं. समोरची बाई आपल्या काड्यांनी माझ्या वाटीत मासा ठेवते तेव्हा ती मला त्या आतल्या वर्तुळात घेत असते. नको म्हणणं म्हणजे दारातूनच परत जाणं.

कॉजवे

आता ताटावरून थोडं पैशाकडे. वांद्र्याहून माहीमला जाणाऱ्या कॉजवेवरून उपनगरातला माणूस आयुष्यात हजारदा जातो. १८४५ मध्ये तो खुला झाला. त्याआधी वांद्र्याहून माहीमला यायला नावेतून खाडी ओलांडावी लागे. कॉजवेसाठी दीड लाखाहून जास्त रुपये दिले ते अवाबाई जीजीभॉय यांनी. त्यांचे पती सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती उभी राहिली चीनच्या व्यापारावर, म्हणजे कापूस आणि अफू यांवर. जमशेटजी स्वतः तरुणपणी अनेकदा कँटनला जाऊन राहिले. कँटन म्हणजेच आजचं ग्वांगचौ. मी जिथे नोकरी केली तेच शहर.

त्या काळी कँटनमध्ये परदेशी व्यापाऱ्याला नदीकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीतच राहायची मुभा होती, तीही व्यापाराच्या मोसमापुरती. बायकांना सोबत आणायला बंदी. आणि परदेशी माणसाला चिनी भाषा शिकवणं हा चिनी माणसासाठी गुन्हा. मुंबईचे पारशी तिथे वर्षानुवर्षं येत-जात राहिले, पांढऱ्या शिरोवस्त्रामुळे स्थानिक लोक त्यांना 'पांढऱ्या डोक्याचे' म्हणत. पण शेजार मात्र कधी झाला नाही. व्यवहार होता, तोही असा की त्यातल्या एका मालानं लाखो चिनी घरं व्यसनात बुडाली आणि १८३९ मध्ये त्यावरून युद्ध पेटलं.

या काळाची एक निशाणी मकाव आणि हाँगकाँगमध्ये अजून आहे. पारशी दफनभूम्या. मुंबईत ज्या समाजाचे मृतदेह दखम्यात ठेवले जात, त्यांना परदेशात दखमा नव्हता. म्हणून त्यांनी आपल्या माणसांना जमिनीत पुरलं. परदेशात राहणं म्हणजे काय, हे त्या थडग्यांइतकं स्पष्टपणे मला कुठे दिसलं नाही. खाणंपिणं माणूस जपू शकतो, कपडे जपू शकतो. मरण मात्र जिथे येईल तिथल्या जमिनीच्या नियमानं.

नाव

शंभर वर्षांनी याच वाटेनं एक सोलापूरकर गेला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

गोष्ट ठाऊक असेल. जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं. चीनच्या मदतीसाठी काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं: अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले सत्तावीस वर्षांचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीनं ते मुंबईहून निघाले आणि त्याच महिन्यात कँटनला उतरले. महिन्याभरानं ते शहर जपान्यांच्या हाती पडलं. पथक आत आत सरकत चुंगकिंगला पोचलं. तिथे कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परत जा, असं सहकाऱ्यांनी सुचवलं. ते गेले नाहीत. १९३९च्या सुरुवातीला पथक येनानला, माओच्या तळावर पोचलं.

येनान म्हणजे पिवळ्या मातीचे डोंगर आणि त्यांत कोरलेली घरं. ताटात ज्वारीची भाकरी नव्हती. होती राळ्याची पेज. आपल्याकडचं राळं, तेच तिथलं मुख्य धान्य, आणि लाल सेनेचं रोजचं अन्न. चिनीत राळ्याला म्हणतात 'शाओमी'. हो, तुमच्यातल्या कित्येकांच्या हातातल्या फोनचं नाव. कोटणीसांनी जे खाऊन दिवस काढले ते धान्य आज आपण चार्जिंगला लावतो.

या पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली. चिनी लिपीत अक्षरं ध्वनी आणि अर्थ दोन्ही घेऊन येतात, त्यामुळे परकं नाव तसंच्या तसं लिहिता येत नाही. ते नव्यानं घडवावं लागतं. कोटणीस झाले 'के दीहुआ'. 'के' हे आडनाव, चिनी रिवाजाप्रमाणे आधी. शेवटचं 'हुआ' म्हणजे चीन. पाचही जणांच्या नावांच्या शेवटी हे अक्षर होतं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी मलाही असंच एक नाव दिलं होतं. माझ्या नावातला 'मे' धरून त्यांनी 'मेइ' हे अक्षर निवडलं, अर्थ 'सुंदर'. पगाराच्या कागदावर मी पासपोर्टातली होते, जेवायच्या टेबलावर मेइ. दोन नावांनी हाक येऊ लागली की माणूस दोन प्रकारे वळून बघायला शिकतो.

पथकातले चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले, अटल त्यानंतर. बसू १९४३ मध्ये आले. कोटणीस हपेई प्रांतातल्या डोंगराळ भागात गेले. तिथे नॉर्मन बेथ्यून या कॅनडियन सर्जनचा नोव्हेंबर १९३९ मध्ये मृत्यू झाला होता. त्याच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये पहिले संचालक झाले. शस्त्रक्रिया करायच्या, आणि नव्या मुलांना शिकवायचं. शिकवायचं ते चिनी भाषेत.

मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. चिनी भाषेत एकच उच्चार स्वर बदलून चार वेगळे अर्थ देतो. तीन वर्षं राहून माझी भाषा बाजारहाट आणि ऑफिसपलीकडे फारशी गेली नाही. कोटणीस तेवढ्याच काळात, युद्धाच्या धामधुमीत, व्याख्यान देण्याइतकी भाषा शिकले. त्यांची पुढे पत्नी झालेल्या क्वो छिंगलान यांनी नंतर सांगितलं आहे, की हा परदेशी डॉक्टर चिनीत बोलतो, चिनीत थट्टा करतो आणि लिहितोही, याचंच त्यांना पहिल्यांदा नवल वाटलं. त्याग, शौर्य हे सगळं खरं. पण एखाद्या गावात तुमची थट्टा लोकांना कळायला लागली, की तुम्ही तिथले झालात.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. स्वतः कोटणीस झाले, जयश्री चिनी नायिका झाल्या. मूळ पुस्तक ख्वाजा अहमद अब्बास यांचं, जे पुढे जुहूला राहत. चित्रपटात चिनी माणसंही हिंदी बोलतात. सिनेमाच्या सोयीसाठी ते ठीकच. पण त्या सोयीत कोटणीसांची सगळ्यात कठीण मेहनत, रोज नवी अक्षरं गिरवणं, पडद्याबाहेर राहिली. आपल्या लक्षात राहिला तो अमर कहाणीतला कोटणीस. के दीहुआ आपण बघितलाच नाही.

नातं

कोटणीस आणि क्वो छिंगलान यांचं लग्न नोव्हेंबर १९४१ मध्ये झालं. त्या काळच्या महाराष्ट्रात लग्नात मुलीचं नाव बदलायचं, तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायचं. चीनमध्ये आजही बाई लग्नानंतर आपलं आडनाव सोडत नाही; मुलं वडलांचं लावतात. म्हणजे या लग्नात नवरी क्वो ती क्वोच राहिली. नवं नाव मिळालेला होता तो नवरा.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव 'यिनहुआ' ठेवलं. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यानं कोटणीस गेले. वय बत्तीस. यिनहुआही १९६७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण घेत असताना, वारला. क्वो छिंगलान २०१२ पर्यंत जगल्या, भारतात अनेकदा येऊन सासरच्या माणसांना भेटल्या.

सासरच्यांशी त्यांचं जमलं असेल, असं मला नात्यांच्या शब्दांवरून वाटतं. इंग्रजीत काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा सगळे एकाच 'अंकल'मध्ये कोंबलेले. चिनीत तसं चालत नाही. आईचा भाऊ 'जिउजिउ', वडलांची बहीण 'गूगू', आईची बहीण 'आयी'. काकांतही वडलांपेक्षा मोठा 'बोबो' आणि धाकटा 'शूशू' असा भेद. मामा आणि काका एकच कसे असतील, हे तिथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही, जसं सोलापूरच्याला लागत नाही.

माझ्या घरमालकिणीला मी 'आयी' म्हणायचे, म्हणजे मावशी. घरकामाला येणारी बाईही आयी, भाजीवालीही आयी. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आम्ही काय म्हणतो? मावशी. दोन भाषा, मध्ये हिमालय, आणि दोघींनी अनोळखी बाईसाठी आईची बहीण निवडली. बापाकडच्या नात्यांना थोडा धाक असतो; मावशीला नसतो, म्हणून असेल.

आणि ही आयी मला जिन्यात भेटली की विचारायची, "छी-फान-ला-मा?" म्हणजे, जेवलीस का? उत्तर अपेक्षित नसतं. जेवलीस का म्हणजे बरी आहेस ना. आमच्या आजीचा फोनवरचा पहिला प्रश्नही हाच. ज्या दोन समाजांनी दुष्काळ खूप बघितले, त्यांच्या नमस्कारात भूक आहे.

यादी

१९५४ मध्ये नेहरू चीनला गेले. त्या काळात 'हिंदी-चिनी भाई-भाई' ही घोषणा देशभर होती. आठ वर्षांनी युद्ध झालं. त्या युद्धात भारतात एक गोष्ट घडली, जी आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. आसाम, बंगाल आणि ईशान्येतल्या चिनी वंशाच्या सुमारे ३००० लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत ठेवलं गेलं. त्यात बायका, मुलं, म्हातारे होते. कित्येकांचा जन्म भारतातला, कित्येकांना चिनीपेक्षा हिंदी, बंगाली किंवा असमिया जास्त येत असे. काही जण तिथे वर्षानुवर्षं होते. काहींना चीनला पाठवून दिलं, जो देश त्यांनी पाहिलाही नव्हता.

मुंबईतही चिनी वस्ती होती. माझगावात नवाब टँक रोडला १९१९ सालचं त्यांचं छोटंसं देऊळ अजून आहे. खलाशी, दातांचे डॉक्टर, चपला बनवणारे, ब्युटी पार्लरवाल्या. १९६२नंतर त्यांच्यातली अनेक कुटुंबं देश सोडून गेली.

घोषणेत 'भाई' म्हटलेल्या माणसाला यादीत टाकायला फार काळ लागला नाही, कारण घोषणा देणाऱ्या बहुतेकांनी त्याच्या घरचं पाणी कधी प्यायलं नव्हतं. 'भाई-भाई' आणि 'बहिष्कार' यांत मला हे साम्य दिसतं. दोन्ही दुरून देता येतात. जून २०२० मध्ये गलवाननंतर ५९ ॲपवर बंदी आली. सरकारचं धोरण, त्याची कारणं, हा वेगळा विषय आहे, आणि सीमेवर जवान गेले हे दुःख खरंच आहे. पण त्याच आठवड्यात ईशान्येकडच्या एका मैत्रिणीला घाटकोपरला रस्त्यात 'चिनी' म्हणून शिवी ऐकावी लागली. तिच्या राज्याचं नाव त्या माणसाला सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. चेहरा बघून देश ठरवण्याची सवय १९६२ मध्येही हीच होती.

तिरफळ

शेवटी खाण्याकडे येते, नाहीतर तुम्ही म्हणाल सापाचं राहिलंच.

आपल्या गाडीवरचं 'चायनीज' चीनमध्ये मिळत नाही. मंचुरियनचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांना दिलं जातं. १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात त्यांनी आलं-लसूण-मिरचीच्या फोडणीत सोया सॉस घालून ते केलं, अशी गोष्ट आहे. म्हणजे मंचुरियन मुंबईकर आहे. 'शेजवान' हे नाव स-छ्वान प्रांतावरून, पण आपल्या शेजवान चटणीत त्या प्रांताची खरी ओळख नसते. ती ओळख म्हणजे 'ह्वाजिआव', जीभ मुंग्या आल्यासारखी बधिर करणारा एक मसाला. पहिल्यांदा तो चावला तेव्हा मी दचकले नाही. चव ओळखीची होती. मालवणी घरात बांगड्याच्या तिखल्यात जे तिरफळ पडतं, त्याचा हा सख्खा भाऊ. वनस्पतीशास्त्रात दोघांचं कुळ आणि प्रजाती एकच. खऱ्या स-छ्वानची चव कोकणातल्या फडताळात पिढ्यान्‌पिढ्या पडून होती, आणि आपण ती लाल रंगाच्या बाटलीत शोधत होतो.

चहाचंही तेच. शब्द त्यांचा, 'चा'. पण दूध-साखर-आलं घालून उकळलेला आपला चहा माझ्या आयीला औषधी काढा वाटला. तिनं तो पूर्ण प्यायला, आणि कप ठेवताना दोन बोटं टेबलावर हलकेच आपटली. ग्वांगचौत चहा ओतणाऱ्याला असं धन्यवाद देतात, शब्द न बोलता.

महाराष्ट्रातली कितीतरी मुलं गेल्या दहा-पंधरा वर्षांत चीनला डॉक्टर व्हायला गेली. कोविड आला तेव्हा तिकडे शिकणारे २३ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, बहुतेक मेडिकलचे. अडीच वर्षं ते घरी अडकून ऑनलाइन शिकले. २०२२च्या ऑगस्टमध्ये त्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागला. यातली कित्येक मुलं आज अंधेरी-बोरिवली-मुलुंडच्या दवाखान्यांत आहेत. त्यांना पेशंटशी चिनीत बोलायची सवय आहे, राळ्याची पेज माहीत आहे, कोणत्या स्वरात 'मा' म्हटलं की आई आणि कोणत्या स्वरात घोडा हे माहीत आहे. कोटणीसांनी केलेली मेहनत त्यांनीही केली आहे, युद्ध नसताना. त्यांच्यावर सिनेमा निघणार नाही.

तुमच्या बिल्डिंगमध्ये असं कोणी असेल. त्याला सापाबद्दल विचारू नका, सीमेबद्दलही नको. तिथे पहिल्या हिवाळ्यात पाणी कसं प्यायचास, हे विचारा. मग तो बोलायला लागेल, आणि थांबणार नाही.